आजपासून मी कोणाचा नोकर नाही

ता. १ एप्रिल १९६७
आजपासून मी ड्रायव्हर नाही. कॉन्ट्रॅक्टर.
शेठने ट्रान्सपोर्ट एजन्सीच्या सगळ्या ड्रायव्हरांना ऑफिसात आत बोलावलं. खुर्च्या दिल्या. कपबशीतून चहा. इतकी वर्षं आम्ही बाहेर ओट्यावर ग्लासातून प्यायचो. शेठ म्हणाले, इथून पुढे कोणी कोणाचा नोकर नाही, आपण सगळे धंदेवाले. पुण्याहून वकील आणला होता. त्याने समजावून सांगितलं. पगार बंद, खेपेमागे भाडं. डिझेल, पंक्चर, क्लीनरचा पगार ज्याचा त्याने बघायचा. रजा कोणाकडे मागायची नाही, हवी तेव्हा घ्यायची. इन्कमटॅक्ससुद्धा ज्याचा त्याने भरायचा. इन्कमटॅक्स! लोणावळ्याजवळच्या आमच्या वलवणात हा शब्द आजवर फक्त बंगलेवाल्यांच्या तोंडी ऐकला.
इनायतने विचारलं, ट्रक आमच्या नावावर व्हनार का? वकील म्हणाला, ट्रक एजन्सीचा, धंदा तुमचा. इनायत म्हणाला, म्हंजी घोडं तुमचं आन् खरारा आमचा. सही न करताच उठला. वराळ्याचा माणूस. ड्रायव्हर उत्तम, पण दृष्टी नाही. त्याच्यामागे आणखी दोघं उठले. बाकी आम्ही सह्या केल्या. मी इंग्रजीत केली.

ता. २ एप्रिल, रविवार
घरी शालनला सगळं समजावलं. तिने एवढंच विचारलं, रजा कवाबी घेता येती? म्हटलं, केव्हाही. मीच मालक. म्हणाली, मग आजच घ्या की, आईकडं जाऊन येऊ. आज जमण्यासारखं नव्हतं. शेठने मुंबईची खेप लावून ठेवली होती. पण गेलो तो स्वतःच्या मर्जीने. हा फरक बायकांना कळत नाही.
संकल्प: पुढच्या रविवारपासून गाडी बंद.

ता. ९ एप्रिल, रविवार
पनवेलला माल उतरवला. पुढच्या रविवारपासून.

ता. २० एप्रिल
पुण्याहून रबरी शिक्का करून आणला. जी. डी. केदारी, प्रोप्रायटर. झकास उठतो. कॅलेंडरवर मारला, रेशनच्या पिशवीवर मारला, पाटावर मारला. शालन म्हणाली, आता माझं कपाळ तेवढं ऱ्हायलंय.
कान्हूभाऊ माझा क्लीनर. बेगडेवाडीचा, वयाने माझ्याहून मोठा. आजवर गेणू म्हणून हाक मारायचा. आज मालक म्हणाला. मी नको म्हटलं, पण फार जोरात नाही.

ता. ११ मे
मालकपणात एक अडचण आहे. कान्हूभाऊला त्याच्या चिंगीचं लग्न उरकायचं आहे. म्हणाला, मालक, पगारातली उचल द्या, आधी एजन्सी द्यायची. म्हटलं, बघू. एखाद्यापासून तोंड चुकवायचं तर ऑफिसात जमतं, घरी जमतं. ट्रकच्या केबिनमध्ये जमत नाही. खंडाळ्यापासून मी दरीकडे बघत गाडी चालवत होतो. तो म्हणाला, मालक, म्होरं बघा.
शेवटी शालनने पाटल्या काढून दिल्या. धंद्यात सुरुवातीला भांडवल घालावंच लागतं.

ता. १९ जून
मागचे टायर पार गुळगुळीत झालेत आणि आता पावसाळा. शेठकडे गेलो. शेठ उठून उभे राहिले. म्हणाले, या केदारीशेठ! सगळ्या हमालांदेखत! मग म्हणाले, टायर म्हणजे झीज, आणि झीज कॉन्ट्रॅक्टरची, वकिलांनी वाचून दाखवलं होतं ना? पाठीवर हात ठेवून दारापर्यंत पोचवायला आले.
तरंगतच निघालो. टायरचं काहीच झालं नाही हे वलवणला आल्यावर लक्षात आलं.

ता. ४ ऑगस्ट
ताप. शालन म्हणाली, आज जाऊ नगा. मालक या नात्याने रजेच्या प्रश्नाचा विचार केला. माल भरून तयार. खेप नाही तर भाडं नाही. रजा नामंजूर.
ड्रायव्हर होतो तेव्हा असल्या तापात खुशाल झोपलो असतो आणि पडल्या पडल्या शेठला शिव्या घातल्या असत्या. आता कोणाला घालायच्या?
कान्हूभाऊने कपाळाला ओलं फडकं बांधलं आणि घाटभर गाणी म्हटली, मला झोप लागू नये म्हणून. भसाडा आवाज. पण पोचलो.

ता. २ सप्टेंबर
धंदा वाढवायचा. तळेगावच्या एका बटाटेवाल्याने माल न्यायला बोलावलं. स्वतःचं पहिलं गिऱ्हाईक! शेठच्या कानावर घातलं. म्हणाले, छान, पण एजन्सीच्या ट्रकमधून एजन्सीचाच माल जाणार. म्हटलं, मग धंदा माझा कसा? म्हणाले, कसा म्हणजे? आम्ही तुमचं गिऱ्हाईक आहोत.
बरोबर आहे. गिऱ्हाईक एकच, पण कायमचं.

ता. १७ नोव्हेंबर
एजन्सीच्या फाटकासमोर इनायत आणि सही न केलेले ते दोघं काम बंद करून बसलेत. इनायत पुण्याला लेबर ऑफिसात जाऊन आला होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, गेणूभाऊ, एका मालकाकडं मोटारीवर पाच मान्सं कामाला असली की कायदा लागतो. कामाचे तास, हप्त्याची सुट्टी, समदं. तुमी सह्या केल्या, नोकर ऱ्हायलो आमी तिघं. आता आमाला बी कायदा न्हाई. ह्या कपबशीच्या चहाचं कारण त्ये व्हतं.
मी म्हटलं, इनायत, मला हे माहीत नव्हतं. तो म्हणाला, व्हय, पर आता हाय. बसता का आमच्यासंगं?
वाईट वाटलं. पण मालकाने संपात बसणं बरं दिसत नाही. आणि खेप भरलेली होती. मी गाडी फाटकातून काढली तेव्हा इनायत आडवा आला नाही. नुसता उठून उभा राहिला आणि म्हणाला, सलाम, मालक.
त्याच्याशी यापुढे धंद्यापुरतंच बोलायचं.

ता. २१ नोव्हेंबर
तिघांनाही काढून टाकलं. इनायत दुसऱ्याच्या ट्रकवर बदली ड्रायव्हर आहे म्हणे. जैतुनबी, त्याची बायको, बाजारात शालनला भेटली. पहिल्यासारखी बोलली नाही. शालनने याचा राग माझ्यावर का काढावा कळत नाही. भाकरी करपवली.

ता. १ जानेवारी १९६८
संकल्प: टायर. ब्रेक. शालनच्या पाटल्या. रविवार. याच क्रमाने.

ता. १२ एप्रिल
एक जुना टायर बसवला. दुसरा पुढच्या महिन्यात. ब्रेक बरा आहे. दोनदा दाबला की लागतो.

ता. २३ जुलै
लिहायला हात चालत नाही, पण लिहितो.
परवा दुपारी घाट उतरत होतो. सिमेंट भरलेलं. पाऊस, धुकं. वळणावर ब्रेक दाबला, लागला नाही. परत दाबला, लागला नाही. मागची चाकं घसरायला लागली. एका बाजूला दरी, एका बाजूला डोंगर. मी गाडी डोंगराला घातली.
डोंगराची बाजू कान्हूभाऊची होती.
दुसरा इलाज नव्हता. तेव्हापासून सारखा विचार करतोय. नव्हता. दार चेपून त्याचा पाय अडकला होता. ओरडला नाही. म्हणाला, गेणू, तुला लागलं का रं?
मला ओरखडाही नाही.

ता. २६ जुलै
दवाखान्यात शेठ आले. मोसंबी आणली. कान्हूभाऊने विचारलं, शेठ, पायाचं कसं करायचं? मला तर आता उभं बी ऱ्हावत न्हाई. शेठ म्हणाले, अरे, तुझे मालक शेजारी उभे आहेत, त्यांना विचार.
मी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

ता. १५ ऑगस्ट
ट्रक गॅरेजमधून आला. ती दुरुस्ती आता माझ्या भाड्यातून कापत राहणार. नवा क्लीनर परवडत नाही. उतारावर थांबलो तर मीच खाली उतरून चाकाला दगड लावतो, मीच काढतो, पळत जाऊन मीच वर चढतो.
व्यायाम चांगला होतो.

ता. ८ नोव्हेंबर
इन्कमटॅक्सची नोटीस आली! खाकी लिफाफा, सरकारी शिक्का, श्री. जी. डी. केदारी. पोस्टमनने वाड्यावस्त्यांना सांगतच आणला. लोणावळ्यात असला कागद डॉक्टरांना येतो, मोठ्या हॉटेलवाल्यांना येतो. शेजारच्या सावित्राबाई हळूच शालनला म्हणाल्या, गेणूनं एवढं कुटं दडवलंय गं?
शालनने मला विचारलं, खरंच कुटं दडवलंय?
एजन्सीच्या वह्यांत म्हणे खेपांचं सगळं भाडं मला दिल्याचं दाखवलंय. डिझेल, टायर, दुरुस्ती यांच्या पावत्या मी दाखवायच्या. पावत्या ठेवायच्या असतात हे वकिलाने सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल. मी तेव्हा कपबशी बघत होतो.

ता. २५ नोव्हेंबर
पुण्याला इन्कमटॅक्स ऑफिस. साहेब तरुण, शांत. विचारलं, कुठे जायचं ते कोण ठरवतं? म्हटलं, शेठ. ट्रक कोणाचा? शेठचा. दुसऱ्याचा माल नेता येतो? नाही. साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, मग केदारी, तुम्ही मालक कशाचे?
उत्तर स्टेशनवर आल्यावर सुचलं: स्वतःच्या मर्जीचा. तोवर ऑफिस बंद झालं होतं.
साहेब म्हणाले, तुम्ही नोकरच दिसता. तसं एजन्सीचं पत्र आणा, हा त्रास मिटेल.
नोकर. तोंडावर म्हणाले.

ता. १० जानेवारी १९६९
इनायतने कान्हूभाऊचा अर्ज लेबर ऑफिसात दिलाय. पायाची भरपाई मागितली आहे. इनायत स्वतः लिहून घ्यायला बेगडेवाडीला दोनदा गेला. मी एकदा.
शेठने बोलावलं. म्हणाले, लेबर ऑफिसच्या साहेबांपुढे एवढंच सांगायचं की कान्हू तुमचा माणूस. मग ट्रक तुमच्या नावावर करू, इन्कमटॅक्सचंही वकील बघून घेतील. म्हटलं, आणि नाही सांगितलं तर? म्हणाले, तर काही नाही. हसले.
ठरलं. सांगायचं. ट्रक नावावर झाला की सगळं सुटतं. कान्हूभाऊची भरपाई मी कुठून देणार हा प्रश्न आहे, पण तो नंतरचा. धंदा भावनेवर चालत नाही. शालनला सांगितलं नाही.

ता. २१ जानेवारी
लेबर ऑफिस. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. शेठ, वकील, मी एका बाकावर. समोर कान्हूभाऊ आणि इनायत. कान्हूभाऊचा पाय वाकत नाही, सरळ पुढे काढून बसावं लागतं. जाणारा येणारा त्याला अडखळत होता आणि दर वेळी कान्हूभाऊच माफी मागत होता.
साहेबांनी त्याला विचारलं, तुझा मालक कोण? कान्हूभाऊ म्हणाला, गेणूला मालक म्हनत व्हतो साहेब, त्याला बरं वाटतंय म्हनून. पर त्यो कसला मालक? गाडीखाली एका गोणपाटावर दोघं निजायचो. शेठ म्हनतील तितं जायाचो.
वकिलासमोर! सरकारी ऑफिसात! मी हरकत घ्यायला उठलो. साहेब म्हणाले, बोला केदारी. मी प्रोप्रायटर आहे हे वाक्य तयार होतं. तेवढ्यात शिपाई फाईल घेऊन आला आणि त्या पायाला धडकला. कान्हूभाऊ म्हणाला, चुकलं बाबा.
माझ्या तोंडून निघालं, खरं हाय साहेब, मी ड्रायव्हर हाय. आलं तेही गावच्या बोलीत.
बाहेर शेठ ओरडले, उद्यापासून माझ्या गाडीला हात लावायचा नाही! इनायतने माझा दंड धरला. म्हणाला, गेणूभाऊ, समद्यांनी ऐकलं. काढून टाकतात त्ये नोकराला. आता तुमी बी अर्ज टाका.
मला तेवढा आनंद झाला नाही. इनायतने स्टेशनवर चहा पाजला. मागचं काही काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

ता. २५ फेब्रुवारी
कान्हूभाऊची भरपाई एजन्सीने द्यावी असा निकाल झाला. शेठ अपिलात गेले. पैसा हाती आलेला नाही.
माझ्या अर्जावर एजन्सीचं म्हणणं: केदारी आमचा नोकर कधी नव्हता, सबब काढण्याचा प्रश्नच येत नाही. इन्कमटॅक्सवाले म्हणतात: नोकर असल्याचं पत्र आणा. एजन्सी म्हणते: नोकर नाही, पत्र कसलं? दोन्हीकडे पुढची तारीख.
म्हणजे सध्या सरकारदरबारी मी मालक नाही, नोकर नाही. रोज सकाळी उठतो मात्र.

ता. ३ मार्च १९६९
तळेगावकडच्या खडीच्या खाणीवर ट्रक चालवायला लागलो. रोजंदारी. हजेरी लागते.
आज आगगाडी चुकली, उशीर झाला. मुकादमाने सगळ्यांदेखत झापलं. ए केदारी, बापाची खाण समजलास का? अर्धी हजेरी कापली.
मी मान खाली घालून उभा राहिलो. बरं वाटलं.
शालनने घरी आल्यावर विचारलं, कसं हाय काम? म्हटलं, चांगलं आहे. शिव्या द्यायला माणूस ठेवलेला आहे.