अठरा डिसेंबरची भरती

९ ऑक्टोबर १९९६, बुधवार

जवळ्याच्या चटईवर फ्लॉप्या!

संगणक-क्लासमधून घरी आले तर अंगणात सुकत घातलेला जवळा, आणि त्याच्या कडेने ओळीत मांडलेल्या काळ्या चौकोनी फ्लॉप्या. आई शेजारी कावळे हाकत बसलेली. मी ओरडलेच. ती म्हणाली, "अगो, तूच बोल्लीस ना, यांना ओल लागली का खराब होतान? डब्यान कोंदट वास येत व्हता. म्हनून ऊन दावला."

सकाळपासून. ऑक्टोबरच्या उन्हात.

चूक माझीच आहे. ओलीचं सांगितलं, उन्हाचं सांगितलं नाही. आमच्या घरात सुकवलं की टिकतं, एवढंच सगळ्यांना ठाऊक. तिला मी काय म्हणून बोलले? जेवताना माझ्याकडे बघतही नव्हती.

सहा फ्लॉप्या, आमच्या कबड्डी लीगचे सहा हंगाम. क्लासच्या गुरुदत्त सरांनी हातात देताना म्हटलेलं, "दुसरी प्रत नाही, सगुणा. जपून."

१० ऑक्टोबर

डोंबिवलीला तासभर लवकर गेले. क्लास रिकामा होता. एकेक घालून पाहिली. पाच वाचल्या. तिसरी वाकली आहे. ड्राइव्हमध्ये नुसती खरखर. पुन्हा घातली, पुन्हा खरखर. सर आले तेव्हा ती पर्समध्ये टाकून मी फळा पुसत होते.

सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

११ ऑक्टोबर

लीगच्या इतिहासाचं पहिलं पान मी मागच्याच आठवड्यात पक्कं केलं होतं. आज परत वाचलं. ते असं:

"ही लीग मैदानावर कधीच खेळली गेली नाही. १९९३ साली गुरुदत्त सरांनी आपल्या संगणक-क्लासच्या फोनला मोडेम लावला आणि कबड्डीचा एक प्रोग्रॅम लिहिला. आठ जणांचे आठ संघ. गडी सगळे कागदावरचे, नावं आपण द्यायची. शनिवारी संघ कळवायचा; कोणी मोडेमवरून, कोणी फोनवर, कोणी पोस्टकार्डाने. रविवारी सर प्रोग्रॅम चालवायचे आणि रात्री निकाल बोर्डावर, म्हणजे सरांच्या संगणकावर, सगळ्यांना वाचायला ठेवायचे."

आणि मग तो नियम, ज्याचा मला सगळ्यात अभिमान: "कोणाला शंका राहू नये म्हणून प्रोग्रॅमला सुरुवातीचा आकडा रविवारच्या पेपरात छापलेल्या दुपारच्या भरतीच्या वेळेचा द्यायचा. भरती १२.०९ असेल तर १२०९. तोच आकडा आणि तेच संघ दिले की तोच सामना, चढाईला चढाई, पुन्हा होतो. प्रोग्रॅमची प्रत प्रत्येकाकडे आहे. ज्याला हवं त्याने घरी चालवून बघावं."

कोणी कधी बघितलं नाही. सरांवर अविश्वास कोण दाखवणार?

महिनाअखेर सर बंगलोरला चालले. क्लास बंद होणार, संगणक विकणार. लीगही संपली. उरणार तो माझ्याकडचा इतिहास. आणि त्यात तिसरा हंगाम नाही. नामाचा हंगाम.

१३ ऑक्टोबर, रविवार

शांताबाईंकडे शहाडला गेले. आधीच ठरलेलं होतं, टाळता आलं नाही.

नामा त्यांचा मुलगा. बावीस वर्षांचा होता. दोन्ही किडन्या गेलेल्या. सरांनी जुने भाग जोडून त्याला संगणक करून दिला होता. डायलिसिस नसेल त्या दिवशी त्याच्यासमोरच असायचा. त्याचा संघ 'जय उल्हास'. तिसऱ्या हंगामात तो जिंकला, चौऱ्याण्णवच्या डिसेंबरात. पुढच्या वर्षी १७ नोव्हेंबरला गेला.

शांतामावशी म्हणाल्या, "वर्ष होतंय गं आता. बुद्धवंदना झाली की दोन शब्द बोलायचे असतात. आम्ही काय बोलणार, आजारपणच आठवतं. तू ते जिंकलेलं वाच. कोणी चढाई केली, कोण बाद झालं, सगळं. त्याला ते फार आवडायचं."

मी म्हटलं, वाचते.



१४ ऑक्टोबर

झोप नाही.

१५ ऑक्टोबर

सुचलं! इतकं समोर होतं आणि मी मूर्खासारखी रडत बसलेले.

निकाल फ्लॉपीवर होते, पण संघ? संघ कागदावर. वीज कधी जाईल याचा भरवसा नाही म्हणून सर शनिवारचे संघ छापून ठेवायचे. ती फाइल क्लासच्या कपाटात आहे. आणि भरती पेपरात आहे. सात साखळी रविवार आणि एक अंतिम सामना, म्हणजे आठ पेपर. तिसरा हंगाम पुन्हा चालवता येईल! नव्याने नाही, तोच.

१७ ऑक्टोबर

ठाण्याच्या वाचनालयात अर्धा दिवस. जुने पेपर देणाऱ्या बाई म्हणाल्या, "एमपीएससी का?" मी म्हटलं, भरती बघायची आहे. त्या म्हणाल्या, "पोलीस भरती मागच्या पानावर असते." हसू आलं, कितीतरी दिवसांनी.

आठही वेळा मिळाल्या. दोनदा ताडून घेतल्या.

२२ ऑक्टोबर

मॉनिटरवर दसऱ्याची झेंडूची माळ अजून तशीच, सुकलेली. सर बँकेत गेले होते. पहिल्या तीन फेऱ्या चालवल्या. मग चौथी, भीत भीत. कारण चौथ्या फेरीचा निकाल त्या वेळी क्लासच्या भिंतीवर चिकटवलेला, तो अजून आहे. कडा पिवळ्या पडल्यात. एकेक ओळ बोट ठेवून जुळवली. सगळं जुळलं. माझा संघ 'कोलशेत खाडी' एकोणीस गुणांनी हरलाय, तेसुद्धा जुळलं.

माझी पद्धत बरोबर आहे. आईला घरी जाऊन सांगितलं, काही बिघडलं नाही गं. ती म्हणाली, "मंग तोंड कशाला सुजवलंस इतके दिवस?"

२४ ऑक्टोबर

साखळी पूर्ण. नामा पहिला, आंबिवलीचे पोपटदादा दुसरे. सगळ्यांना आठवतं तसंच. उद्या अंतिम सामना.

२५ ऑक्टोबर

नामा हरला.

२५ ऑक्टोबर, नंतर

नीट लिहिते. १८ डिसेंबर १९९४. भरती १२.०९. चोवीस-चोवीस बरोबरी, शेवटची चढाई पोपटदादांच्या सखारामची. सगळ्यांना तोंडपाठ आहे, सखारामची पकड झाली आणि नामा पंचवीस-चोवीसने जिंकला. पण पडद्यावर सखाराम तीन गडी बाद करून परत आला. सत्तावीस-चोवीस. 'आंबिवली आझाद' विजयी.

चार वेळा चालवला. चारही वेळा सखाराम परत आला.

२६ ऑक्टोबर

पेपरातच चूक असेल. पुन्हा ठाण्याला. दुसऱ्या पेपरातही १२.०९.

बाबांना विचारलं. आता ते कंपनीत पहारेकरी आहेत, पण खाडीचं पाणी त्यांना घड्याळाआधी कळतं. जाळं विणत होते. "कोन्ती तिथ व्हती?" मी म्हटलं, मार्गशीर्ष पौर्णिमा. "मंग बाराच्या म्होरंच भरल. पेपरवाल्यान बरोबर छापलंय." मग माझ्याकडे पाहून, "पोरी, दोन वर्षांपूर्वीचं पानी तुना आता कशाला पाह्यजे?"



संघाची यादी तीच, पेपर बरोबर, पद्धत बरोबर. मग एकच उरतं. ते लिहायला हात धजत नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार

पोपटदादा आज क्लासवर आले, सरांना निरोप द्यायला. आंबिवली स्टेशनबाहेर त्यांचा एसटीडी बूथ आहे. बोलायला लागले की कोणाला बोलू देत नाहीत. "काय सगुणाबाई, आमच्या पराभवाची बखर लिहून झाली का? त्या सखारामचं नाव मोठ्या अक्षरात टाका. संघातून हाकलला मी त्याला. कागदावरचा गडी, पण तोंड काळं केलं साल्याने."

सगळे हसले. सर हसले, पण माझ्याकडे पाहिलं नाही. मी सरांकडेच पाहत होते.

दोन वर्षं हा माणूस स्वतःवरच विनोद करतोय. जिंकलेला असून!

२९ ऑक्टोबर

विचारलं. परवा सर जाणार, आज नाही तर कधीच नाही.

आधी फ्लॉपीचं सांगितलं. ते "ठीक आहे" म्हणाले. मग मी छापलेला अंतिम सामना टेबलावर ठेवला. सर खोकी बांधत होते. सुतळी हातातच राहिली.

"तू चालवलास."

"हो सर."

त्यांनी सुतळी खाली ठेवली. मग म्हणाले, "निकाल बोर्डावर टाकायला बसलो होतो. तेवढ्यात त्याचा फोन. आदल्या दिवशी डायलिसिस झालेलं, आवाज असा की ऐकवत नव्हतं. विचारतो, सर, काय झालं? मी म्हटलं, जिंकलास रे. तोंडातून निघून गेलं. मग एकच ओळ बदलली, सगुणा. शेवटची."

मी म्हटलं, "आणि पोपटदादा?"

"त्याला दुसरा हंगाम मिळाला असता. नामाला मिळेल याची खात्री नव्हती."

मला राग यायला हवा होता. भीतीच वाटली. ज्यांनी नियम केला त्यांनीच मोडला, आणि मी त्या नियमावर अख्खं पान लिहिलंय. घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. सर म्हणाले होते, लिहिलेलं खोटं नसावं, एवढं जरी शिकलीस तरी पदवी वसूल. सरच!

"काय लिहू?" मी विचारलं.

"तू लिहिशील ते. मी इथे नसेन." मग दारापर्यंत आले. "फक्त नामाच्या आईसमोर वाचताना... बघ बुवा."

३१ ऑक्टोबर

संगणक गेले. भिंतीवरचा चौथ्या फेरीचा कागद मी काढून आणला. सरांना नमस्कार केला, नेहमीसारखा.

६ नोव्हेंबर

बाजारात टायपिंगवाल्याकडे बसून दोन पानं केली. एक खरं. एक सगळ्यांना आठवतं ते. दोन्हींवर मथळा तोच: तिसरा हंगाम, अंतिम सामना. सतराला शांताबाईंकडे यांपैकी एक वाचायचं.

खरं वाचलं तर शांताबाईंकडून त्यांच्या मुलाचा एकुलता एक विजय काढून घ्यायचा, तोही त्या दिवशी, फोटोसमोर. दुसरं वाचलं तर मीही शेवटची ओळ बदलणारी. आणि पोपटदादा समोर बसून ते ऐकणार.

१० नोव्हेंबर

दिवाळी. आईने करंज्या केल्या. चव लागली नाही.

१४ नोव्हेंबर

स्वप्नात मी वाचते आहे आणि शब्द फुटत नाही. नामा फोनवर विचारतो, काय झालं?

१६ नोव्हेंबर

ठरवलं. खरं वाचायचं. मग वाटलं, नाही. दोन्ही पानं घेऊन जाते.

मला फार भीती वाटते.

१७ नोव्हेंबर, रविवार

वंदना झाली. सगळे खाली बसलेले, पोपटदादा भिंतीशी. शांताबाईंनी नामाची लीगची वही माझ्या हातात दिली. "मला त्यातलं काही कळत नाही. तुझ्या इतिहासाला होईल." मी चाळली. आकडेच आकडे. एका पानावर ही नोंद:

"१८ डिसें. भरती १२.०९. सरांनी सांगितलं तरी गंमत म्हणून घरी चालवून पाहिलं. दोनदा. २४-२७. हरलो. सर माझ्यासाठी खोटं बोलले. त्यांना कळू द्यायचं नाही, वाईट वाटेल. पोपटदादाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, गप रे, सखारामला काढून टाकतो, म्हणजे कोणी विचारणार नाही."

मान वर केली. पोपटदादा माझ्याकडेच बघत होते. त्यांनी मान हलवली. नको.

"वाच ना गं," मावशी म्हणाल्या.

दोन्ही पानं घडी करून पर्समध्ये ठेवली, आणि नामाची वही, त्याच नोंदीपासून, मोठ्याने वाचायला घेतली.