वेवजीचा थांबा

वेवजी, ७ एप्रिल २०२५

चि. प्रविण यास अनेक आशीर्वाद.

फोन केला की तू ‘साहेब आले’ म्हणून ठेवतोस. म्हणून पत्र.

तुझ्या ऑफिसने मार्चअखेरीस आमच्या घरासमोर एसटीचा थांबा बांधला. या रस्त्याला एसटी नाही. पण सावली चांगली पडते. मी तिथे भज्यांची कढई मांडली. माणसं सावलीला बसतात, बसली की खातात. बुधीबाई ताडगोळे विकते, रघ्या दाढ्या करतो. तुझे भाऊजी म्हणतात, सरकारकडून इतकं चांगलं काम चुकूनच झालं असणार. खरं काय ते कळव. माझ्या भावजयीला, कविताला, जप.

तुझी ताई,
जमना


डहाणू, २१ एप्रिल

ती. जमनाताईस शि. सा. न. वि. वि.

भाऊजींचं बरोबर आहे. निधी उरला की परत जातो आणि पुढच्या वर्षी कमी येतो. साहेब म्हणाले, काहीही बांध. मला तुझ्या दारातलं ऊन आठवलं.

आता तपासणीवाले विचारतात, गाडी नाही तर थांबा कशाला? पाडा म्हणतात, तेही माझ्या पगारातून. शेवटी डेपोत हातापाया पडून गाडी मिळवली. सोमवारपासून येईल. कृपा करून कोणीतरी चढा.

आपला भाऊ,
प्रविण


वेवजी, ९ मे

चि. प्रविणास आशीर्वाद.

गाडी आली. सगळे उठले, बघितली, परत बसले. शेजारच्या सोमीने विचारलं, कुठे जाते? कंडक्टर म्हणाला, तलासरीला. ती म्हणाली, कालच जाऊन आले. ड्रायव्हर-कंडक्टरच उतरून भजी खाऊन गेले. जाताना म्हणाले, माणसं नसतील तर गाडी बंद.

गाडी गेली तर थांबा जाणार, थांबा गेला तर माझी कढई. म्हणून पाळ्या लावल्या. पुढच्या फाट्यापर्यंत गाडीने जायचं, चालत परत यायचं. तिकीट मी काढते. चालून भूक लागते, पैसे भज्यांत वसूल होतात. बायकांना अर्धं तिकीट, म्हणून बायकांनाच जास्त पाठवते. बुधीबाईला पंच्याहत्तरीच्या पुढची म्हणून फुकट. ती दिवसभर गाडीतच असते, ताडगोळेही तिथेच विकते.

भाऊजी म्हणतात, मला अर्थमंत्री करा. मी म्हटलं, आधी कांदे चिरा.

लोभ आहे तो कढईतल्या तेलासारखा गरम ठेव.

जमना


डहाणू, २६ मे

ती. ताईस शि. सा. न.

जिंकलो! तपासणीवाले स्वतः गाडीने आले. बसायला जागा मिळाली नाही. बुधीबाईने त्यांना ताडगोळे विकले आणि कमी आलात म्हणून रागावली. शेऱ्यात त्यांनी लिहिलंय, थांबा अत्यंत गरजेचा.

डेपोवालेही खूश. एक तारखेपासून तुम्हाला दुसरी गाडी देतायत. माझी आठवण ठेव.

प्रविण


वेवजी, ३ जून

चि. प्रविण,

आठवणच काढतेय. माणसं संपली.

रघ्या अर्धी दाढी सोडून गाडीत बसतो. भाऊजी एका गाडीतून उतरून दुसरीत चढतात. थांब्यावर खायला कोणी उरत नाही. कालची भजी ड्रायव्हर लोकांनीच संपवली, तीही उधार.

रविवारी कविताला घेऊन ये. भजी गरम ठेवते. पण आधी दोन फेऱ्या मारा, मग घरात या.

तुझीच,
ताई