एक वजीर जास्तीचा

२ डिसेंबर, मुकुटबन
ज्येष्ठांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत माझी निवड झाली. कय्युमभाई म्हणे, फॉर्म भरला की पन्नाशीवरचा कोणीही जाते. तीस वर्षं त्याच्या गॅरेजात खेळून राह्यलो, तरी माणूस जळतेच. नऊ डाव आहेत. सात जिंकायचे, दोन बरोबरीत सोडायचे. उगाच कोणाले दुखवू नये.

९ डिसेंबर, पुरी
पहिला डाव हरलो. रेल्वेत झोप नाही. कंबर.

१० डिसेंबर
आणखी दोन गेले. एसी थेट डोक्यावर येते. तक्रार केली. पंच म्हणे, एसी सकाळपासून बंद आहे.

१२ डिसेंबर
सहा झाले, सहाही हरलो. बायकोचा फोन. कसं चाललंय म्हणे. म्हटलं, समोरच्यांचा अभ्यास करून राह्यलो. उरलेले तिन्ही जिंकायचे. भातानं सुस्ती येते. आजपासून भात बंद.

१३ डिसेंबर
भात खाल्ला. दुसरं काही नव्हतंच. आजचे दोन्ही डाव गेले.

१४ डिसेंबर, सकाळी ९
शेवटचा डाव सांगलीच्या विमलताईंशी. रिटायर्ड मुख्याध्यापिका, वय बहात्तर, गुडघ्याले पट्टा. त्याही आठही डाव हरल्या. पण त्यांचं खेळणंच कच्चं असंल. माझं तसं नाही.

दुपारी २
तिसाव्या चालीले त्यांचा वजीर मारला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. त्यांच्याजवळ उरला राजा अन् एक अडकलेलं प्यादं. हळूच म्हटलं, ताई, आता सोडा. त्या म्हणाल्या, मात करा, मग उठते. पंचानं दोघांकडे डोळे वटारले.

साधी मात कायले करायची? प्यादं शेवटच्या घरात नेऊन दुसरा वजीर केला. कय्युमभाईले सांगायले बरं. मग घाईत अशी चाल खेळलो की त्यांच्या राजाले शहही नाही, अन् हलायले घरही नाही. विमलताईंनी घड्याळ थांबवलं, पंचाले हात केला. असं झालं की नियमानं बरोबरी. अर्धा गुण त्यांना, अर्धा मले.

संध्याकाळी ६, स्टेशन
यादी लागली. एकशे अठरा खेळाडू. गुण सारखे, पण टायब्रेकमध्ये विमलताई एकशे सतराव्या.

दोघंही एकाच ऑटोनं आलो. त्यांची बॅग मी उचलली. गाडीले अजून दोन तास. म्हटलं, पिशवीत पट आहे, एक डाव होऊन जाऊ द्या. त्या म्हणाल्या, नको हो, थकले मी.

मीही पट काढला नाही. मीही थकलो. कारण काही नाही. नुसता थकलो.