तुटका सुळा

४ मार्च

आज पुन्हा दोन्ही सुळे पूर्ण! डोळे मिटले, गणपती समोर आणला, श्वास संथ झाला. आणि तुटका सुळा दिसताच मनातल्या मनात मेण तापवलं, सुळा घडवला, पॉलिशसुद्धा केलं. वीस मिनिटं संपली. हे ध्यान नव्हे, बिनपगारी ओव्हरटाइम.

एकतीस वर्षं कवळ्या करतोय. मोडका दात दिसला की हात शिवशिवतात. देवाचाही सुटत नाही.

५ मार्च

उजवा हात आज पुन्हा सकाळपासून थरथरतोय. चहा बशीत.

७ मार्च

ताईचा फोन. या हाताचं फक्त तिलाच माहीत आहे. नसांचे डॉक्टर म्हणाले होते, "वाढेल, पण हळूहळू. मन शांत ठेवा." म्हणून ताईने हे ध्यान मागे लावलं. तिची चाळीस वर्षांची बैठक, माझी जेमतेम चाळीस दिवसांची.

सुळ्याचं सांगितलं तर पोट धरून हसली. "अरे, एकशे आठ नावं आहेत त्याला. तू एका दातात काय अडकलास?"

"एकतीस वर्षं दातांतच अडकलोय."

मग म्हणाली, रोज एकच नाव घे. नाव म्हणजे हाक नाही नुसती, बघायची जागा असते. शूर्पकर्ण म्हण आणि कानांकडे बघ. सुपासारखे कान, ऐकायचं सगळं, पाखडून फोल तेवढं उडवायचं. लंबोदर म्हण आणि पोटाकडे बघ. सगळ्यांचं सगळं पोटात घालणारा.

"आणि तू काय पोटात घालून बसलायस? लेकीला कधी सांगणार?"

मी म्हटलं, दारावर कोणी आलंय. कोणी आलं नव्हतं.

१० मार्च

गाणं शिकवणाऱ्या बाई आज स्वतःच लॅबमध्ये आल्या. सत्तरीच्या. जुनी कवळी रुमालात गुंडाळलेली. "यात माझा सा शिट्टी मारतो. मुली तोंड लपवून हसतात. तुमच्या हातची पाहिजे, डॉक्टरांनी तुमचंच नाव सांगितलं."

माझ्या हातची! हात टेबलाखाली धरून बसलो होतो. पुढचे दात अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाले की हवा निसटते आणि शिट्टी वाजते. सतरा तारखेला द्यायचीय.

शेजारच्या टेबलावर लेक साचे घासत होती. मान वर केली नाही तिने. गुणी पोर आहे. रोज सातलाच येते, रस्ते मोकळे असतात म्हणून. मी साडेआठला.

सांगायला हवं. पण सांगितलं की ती म्हणेल, बाबा, तुम्ही बसा आता. बसून मी करू काय? दात सोडून मला काय येतं?

१२ मार्च

बाईंचे वरचे दात मेणात बसवले. पटाशीच्या दाताशी चिमटा घसरला. तीनदा. वाकडा तो वाकडाच राहिला. लाज वाटली, फडकं टाकून घरी आलो. जेवताना लेक म्हणाली, "दमलात का?" म्हटलं, छे.

१३ मार्च

फडकं काढलं, दात सरळ! डावा पटाशीचा केसभर वळलेलासुद्धा, माझी खूण. सगळे एका रांगेत शिपायांसारखे उभे राहिले की दात खोटे वाटतात, म्हणून मी तेवढा वळवतो.

म्हणजे काल मी समजलो तितकं वाईट नव्हतं. घाबरलेल्या माणसाचे डोळेही धड नसतात. आणि बघा ना, हात थरथरायला लागून चार महिने झाले, एकही कवळी परत आलेली नाही. आज विघ्नहर्ता हे नाव घेतलं. सांगायची घाई नको.

१५ मार्च

खालचे दात बसवताना पुन्हा तेच. या वेळी स्वतःला फसवता आलं नाही. मेणात नखाएवढा खड्डा.

ताईला फोन केला. म्हणाली, "आज एकदंत घे." म्हटलं, तिथेच तर घोडं अडतंय. तर म्हणते, "गोष्ट आठवते ना? लिहिता लिहिता लेखणी मोडली, तर त्याने स्वतःचा दात मोडून घेतला, पण लिहिणं थांबवलं नाही. तू नेहमी तोंडात बघतोस. धंद्याची खोड. तो दात गेला कुठे, ते बघ की."

बसलो. सुळा घडवायला हात पुढे झाले, पण या वेळी नजर खाली नेली. त्याच्या हातात होता तो! मोडलेला तुकडा, नीट धरलेला. लहानपणापासून बघतोय हे चित्र, आणि तो हात मी एकदाही पाहिला नव्हता.

सुळा तुटकाच राहू दिला. डोळ्यांतून पाणी आलं. मोडलं ते लपवलेलं नाही त्याने, कामाला लावलंय. माझा हात गेला तरी नजर आहे. कुठला दात किती वळवायचा हे मला कळतं, आणि लेकीचे हात पक्के आहेत. उद्या सांगतो.

१६ मार्च

सांगितलं. हात टेबलावर, तिच्यासमोर ठेवला. थरथरू दिला.

तिने तो आपल्या हातात धरला. "चार महिने झाले, बाबा. मी सातला रस्त्यांसाठी येते असं वाटलं तुम्हाला?"

बाईंची कवळी दाखवली. खालचा खड्डा बुजलेला होता. "फक्त हा डावा दात," ती म्हणाली, "तुमच्यासारखा वळतो की नाही, कधीच खात्री वाटत नाही. बघता का जरा?"