वेगळे राहायला हवेत

३ डिसेंबर

—शेळीला पाला घालून झाला होता. मी परडं झाडत होते. हे सोप्यात दाढी करत होते, आरसा तांब्याला टेकवून. "चहात आलं घाल," म्हणाले. एवढंच. संध्याकाळी माणूस नाही.

आज सांगलीत, पल्लवीच्या घरी आलं ठेचताना हात थांबला. हे जाऊन वर्ष होत आलं. कुंडलच्या घराला कुलूप, शेळी शेजारच्या मनुबाईकडे, मी लेकीकडे.

पल्लवीला हैदराबादच्या प्रयोगशाळेत सहा महिन्यांसाठी बोलावलंय. विचारलं की विषय बदलते.

५ डिसेंबर

पल्लवी फोनवर कुणाला तरी सांगत होती— "चिकटून राहिले की बुडणारच. वेगळे राहायला हवेत."

माझ्याबद्दलच. जावयाच्या दारात किती दिवस राहावं माणसानं? पिशवी भरली.

६ डिसेंबर

पिशवी सोडली. पुन्हा भरली. वाचायला बसले, एकच पान फिरून फिरून वाचलं.

७ डिसेंबर

जावयाला, अमृतला, पिशवी दिसली. "मामी, कुठं पळून चाललाय?"

बोलून टाकलं— "तुमाला वेगळं राहायचंय न्हवं?"

पल्लवी बघतच राहिली. मग हसता हसता रडली. "आगं आई, ते ग्राफीन!"

तिच्या कामातली वस्तू. पेन्सिलीच्या शिशातला कार्बन, एकेक थर सुटा केलेला. पाण्यात हे थर पुन्हा एकमेकांना चिकटतात आणि तळाला बसतात. म्हणून त्यांना पॉलिमरचा लेप देतात. दोऱ्यासारखे लांब रेणू— थोडा भाग थराला धरून, बाकीचा पाण्यात हलणारा. ते दुसऱ्या थराला अंगावर येऊ देत नाहीत.

"मग तुटत्यात व्हय एकमेकांपासनं?"

"तुटत न्हाईत. पाणी एकच असतंय की."

फोनवर दोन बाटल्या दाखवल्या. एकीत वर नितळ पाणी, तळाला काळा गाळ. दुसरी वरपासून खालपर्यंत शाईसारखी काळी.

८ डिसेंबर

अमृत दिवसभर चिडवतोय, "मामी, लेप लावू का?" मला हसू येत नाही. पहिली बाटली डोळ्यांपुढून हलत नाही.

पल्लवी आंघोळीला गेली तेव्हा त्याला विचारलं, हैदराबादचं काय झालं? तो म्हणाला, "आईला टाकून कशी जाऊ म्हणती."

९ डिसेंबर

पल्लवीला म्हटलं, हैदराबादला कळव, येते म्हणून. सकाळच्या एसटीनं कुंडलला आले. कुलूप काढलं. मनुबाईकडून शेळी सोडून आणली.