ऐकलं त्याच दिवशी

प्रिय पिपाणी,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवून घ्यावी. माझ्या खोलीतलं लाकडी स्टूल, जे तुझ्या जन्माआधीपासून या घराचं सन्माननीय सदस्य आहे, त्याचं गेल्या आठवड्यात अपहरण झालं. चौकशीअंती ते तुझ्या कामाच्या खोलीत जुन्या चादरीखाली तोंड लपवून बसलेलं आढळलं. ‘पप्पा वर चढेल आणि पडेल’ असं तू आत्याला फोनवर सांगत होतीस, तेही कानावर आलं. म्हणजे ज्या गृहस्थाने उभी हयात पोरांकडून मृत भाषांची रूपं घोकून घेतली, त्याने आता वरच्या फळीवरचा शब्दकोश काढायला मुलीची परवानगी मागायची. कोशाला काय वाटलं असेल, याचा विचार कर. मी मात्र काही बोललो नाही. न बोलणं मला चांगलं जमतं. त्याविषयीच लिहायचं आहे.

तू उद्या संध्याकाळी आत्याकडून परत येशील. ज्या माणसाबरोबर रोज एकाच टेबलाशी जेवतो त्याला पत्र लिहायचं, हा प्रकार हास्यास्पद आहे, कबूल. पण तोंडाने सांगायला गेलो की मी विनोद करतो, तू हसतेस, मग चहा होतो आणि विषय तिथेच मिटतो. कागदाला निदान चहा करता येत नाही.

रविवारी उपासनेनंतरचा आमचा बायबलचा वर्ग तुझा हुकला. तू वर ऑर्गनच्या पोटात शिरून कुठल्याशा फुसफुसणाऱ्या नळीशी भांडत होतीस. आम्ही खाली त्या सेनापतीच्या गोष्टीपाशी आलो होतो. लढाईला जाताना तो देवाला नवस करतो, की जिंकून आलो तर घराच्या दारातून जे पहिलं सामोरं येईल ते तुला अर्पण करीन. जिंकतो, परततो आणि दारातून डफ वाजवत, नाचत येते त्याची एकुलती एक लेक. तुझ्या आत्याने तिथेच मला अडवलं. “का रे दादा, त्याला काय वाटलं होतं, कोंबडी येईल?” वर्गात हशा पिकला. मी गंभीर चेहऱ्याने म्हटलं, पुढे ऐक. त्याने कपडे फाडले आणि वर मुलीलाच म्हणाला, तू मला पार खाली आणलंस. “घ्या,” आत्या म्हणाली, “जीव तिचा जायचा आणि गाऱ्हाणं याचं. आणि ती शहाणी म्हणे, पप्पा, तुम्ही शब्द दिलाय ना, मग करा. पूर्वी त्या दुसऱ्या बापाने पोरावर सुरी उगारली तेव्हा देवदूत धावत आला होता. हिच्या वेळी सगळे जेवायला गेले होते का?”

मग मी विद्वत्ता पाजळली. सांगितलं, की देवाने माणसाच्या घाईच्या शब्दाला पळवाट ठेवली होती. नियमच आहे. बापाच्या घरी राहणाऱ्या मुलीने नवस केला आणि बापाने ऐकला, तर ऐकलं त्याच दिवशी ‘नाही’ म्हणायचा त्याला अधिकार आहे. तो नाही म्हणाला की मुलगी मोकळी. देव तिला क्षमा करतो. “आणि बाप गप्प बसला तर?” आत्याने विचारलं. तर नवस कायम, मी म्हटलं. ती पदराने चष्मा पुसत म्हणाली, “मग सोयीचं असेल तेव्हा बाप गप्पच बसेल की.” वर्ग पुन्हा हसला. मी घड्याळ पाहिलं आणि समारोपाची प्रार्थना घेतली. लांबलचक घेतली, डोळे उघडायचे नव्हते म्हणून.

गेल्या बुधवारी तुझ्या म्हाताऱ्या उस्तादांचा फोन आला, तेव्हा मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो. त्यांचा आवाज ऑर्गनच्या सगळ्यात जाड नळीसारखा, भिंतीपलीकडेही समजतो. परगावचा आपला ऑर्गनचा कारखाना तुझ्या हाती द्यायचा आहे, महिनाअखेरपर्यंत थांबतो, नाहीतर दुसरं कुणी बघतो, असं ते म्हणत होते. तू म्हणालीस, “नाही जमणार हो. पप्पाला बरं नाही.” मग बराच वेळ तू नुसतीच ऐकत होतीस. मीही ऐकत होतो. त्या सगळ्या वेळात मी पान उलटलं नाही.

पप्पाला बरं आहे, पिपाणी. डॉक्टरांनी मागच्या तपासणीला माझी छाती ठोकून पाहिली आणि म्हणाले, आता तुम्ही डोंगर चढा, माझ्याकडे येऊ नका. तू बाहेर औषधांच्या रांगेत होतीस. मी बाहेर येऊन म्हणालो, “सांभाळून राहा म्हणाले.” आणि पायऱ्या उतरताना तुझा हात धरला. तेव्हापासून देवळाच्या पायऱ्यांवरही धरतो. लोक कौतुकाने बघतात. पाळकांनी भर उपासनेत आज्ञाधारक लेक म्हणून तुझं नाव घेतलं, तेव्हा मी मान खाली घातली. शेजारचे म्हणाले, किती नम्र माणूस.

आता मूळ गोष्ट. हॉस्पिटलात माझी प्रकृती सगळ्यात वाईट होती त्या दुपारी तू पलंगाशी गुडघे टेकून बसली होतीस. तुला वाटलं मी झोपलोय. तू देवाला म्हणालीस, हा बरा झाला तर मी याला सोडून कधी कुठे जाणार नाही, उस्तादांकडचं कामही सोडीन. मी जागा होतो. शब्दन् शब्द ऐकला. डोळे उघडून “वेडी आहेस का” एवढंच म्हणायचं होतं, तेवढा श्वास होता माझ्याकडे. मी डोळे घट्ट मिटून घेतले आणि मला फार बरं वाटलं. त्या सेनापतीने निदान कपडे तरी फाडले. मी कूस बदलली. आठवड्याभरात तू तुझ्या हत्यारांची चामडी गुंडाळी कपाटावर अगदी मागे ढकलून ठेवलीस. तेही पाहिलं.

तू चांगली मोठी बाई आहेस, तुला तो नियम लागू होतो का यावर पंडितांनी खुशाल भांडावं. पण नवऱ्यांविषयी तिथे पुढे म्हटलं आहे, की ऐकून गप्प बसला आणि मग उशिरा मोडता घातला, तर दोष बाईचा नाही, त्याचा. बापांसाठी तसं लिहिलेलं नाही. मी ते माझ्यासाठी ओढून घेतो. तर हे माझं ‘नाही’. उशिराचं आहे. जे काही देणं लागत असेल ते माझ्या नावावर.

स्टूल मी आणलं. चढलो, पडलो नाही. तुझी गुंडाळी खाली काढून धूळ पुसून या पत्राशेजारी टेबलावर ठेवली आहे. उस्तादांना उद्याच फोन कर.

एकटं राहायची काळजी नाही, असं लिहून खोडलं. ती आहेच, पण तिचं मी बघून घेईन. काळजी निराळीच आहे. तू हे सगळं वाचशील, गुंडाळी परत कपाटावर ठेवशील, म्हणशील, “राहू दे पप्पा, मी नाही जात.” आणि मी पुन्हा काही बोलणार नाही.

तुझाच,
पप्पा