किकडाउनची दांडी

बाबा,

आपली जुनी ऑटोमॅटिक गाडी चढावर खालचा गिअर काहून घेत नाही, हे शोधल्याशिवाय मले चैन नव्हतं. चार रविवार झाले, तुम्ही कार्बोरेटरपासून गिअरबॉक्सकडे जाणारी, पेडल पुरं दाबलं का खालचा गिअर पाडणारी किकडाउनची दांडी नट फिरवून कमीजास्त करून राह्यले. काल तुम्ही ॲक्सिलरेटरच्या पेडलवर पाय ठेवून "पुरं दाबलं" म्हणाले, पण मी बोनेटमधून पाह्यलं तर दांडी बोटभर मागंच थांबलेली.

आज तुम्ही आंघोळीले गेलते तेव्हा मंजूकाकूले सीटवर बसवलं. इंजन बंदच होतं. तिनं पेडल तळाले टेकवलं आणि दांडी बरोबर शेवटापर्यंत गेली. तीनदा करून पाह्यलं. आता तो नट फिरवू नका, दांडीत काही खोट नाही.

मग दारातल्या तुमच्या चपला पाह्यल्या. उजवीचं टोक पार घासलं आहे, डावी नव्यासारखी आहे.

मी गोंदियाले डॉक्टरकडे नंबर लावायले चालली. गाडीची चाबी माझ्याजवळ आहे. काकूले वाटते गाडी सुधरली, मी तसंच वाटू दिलं. पाय कधीपासून जड पडून राह्यला, तेवढं संध्याकाळी मले सांगा.

श्रिया